अभिरूप न्यायालयात आरोपी कोणाला करावे?

प्रश्न (शिक्षिका, रामबाग, इंदूर):
आमच्या मंडळाच्या शिबिरात नववी-दहावीच्या मुलांकडून तंबाखूविषयीचा अभिरूप खटला करून घ्यायचा आहे. मुलांनी हौसेने संहिता लिहिली, परंतु तीत तंबाखूचे पाऊच (पुडी) खाणारा वर्गमित्रच आरोपी असून शेवटी तो रडत क्षमा मागतो. हे मला खटकते. आरोपी कोण असावा, आणि बचाव पक्षाला बोलण्याजोगे काही उरेल असा खटला कसा रचावा?

उत्तर (वकील, इंदूर):
ताई, आपल्याला खटकले ते योग्यच आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्याचे कलम ६ अठरा वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकण्यास आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तो विकण्यास मनाई करते. म्हणजे आरोपी गुमटीवाला (पानटपरीवाला), आणि विकत घेणारा मुलगा फार तर साक्षीदार. बचावालाही भरपूर वाव आहे. हे अंतर, म्हणजे सुमारे ९१ मीटर, शाळेच्या बाहेरच्या कुंपणापासून सरळ रेषेत मोजायचे असते, रस्त्याच्या वळणांनी नव्हे. तेव्हा फाटकापासून गल्लीने चालत गेल्यास १२० मीटर भरणारी गुमटी भिंतीपलीकडून ८० मीटरवर असू शकते. मुलांना टेप घेऊन मैदानात उतरवा आणि नकाशा पुरावा म्हणून दाखल करू द्या. उलटतपासणी तिथेच रंगेल.

खरी चुरस मात्र शिक्षेच्या मुद्द्यावर आहे. कलम ६ मोडल्यास दंड २०० रुपयांपर्यंतच, तर २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सश्रम कारावास आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. कोणते कलम लावावे, यावर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ द्या. निकाल न्यायाधीश झालेल्या विद्यार्थ्यानेच कारणांसह लिहावा. चित्रपटातल्यासारखे ज्युरी बसवू नका, आपल्याकडे ती पद्धत राहिलेली नाही.

उत्तर (दंतवैद्य):
एक साक्षीदार डॉक्टर ठेवाच, पण त्याला व्याख्यान देऊ देऊ नका. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०१२ पासून गुटख्यावर बंदी आली, तेव्हापासून पान मसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या शेजारी शेजारी लटकतात. बचाव पक्ष हमखास म्हणेल की आरोपीने केवळ मसाला विकला, त्यात तंबाखू नाही. कायद्याच्या दृष्टीने हा बचाव भक्कम आहे, म्हणूनच डॉक्टरची साक्ष महत्त्वाची: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे, आणि सुपारीमुळे तोंडाच्या आतील अस्तर ताठ होऊन तोंड उघडेनासे होते. मुलांना आपापली तीन बोटे उभी धरून दातांच्या मधे घालून पाहायला सांगा. ज्याची जात नाहीत, त्याला त्या वेळी काही न बोलता नंतर बाजूला घेऊन विचारा.

प्रश्नकर्ती:
दोघांचे आभार. काही पालकांना भीती वाटते की, बचाव पक्षातली मुले तंबाखूचीच वकिली शिकतील.

उत्तर (वकील, इंदूर):
बचाव तंबाखूचा नसतो, आरोपीचा असतो, एवढे पहिल्या दिवशी सांगावे. शिवाय तालमीच्या मध्यात बाजू बदला. ज्या मुलाने काल विक्रेत्याच्या वतीने 'गिऱ्हाईक अठराचे दिसत होते' असे ठणकावून सांगितले, त्यालाच आज फिर्यादी पक्षातून विचारावे लागेल की, संशय आल्यास वयाचा पुरावा मागण्याची मुभा नियमांत असताना आरोपीने तो का मागितला नाही. आणि सवय लागलेल्या मुलांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय मदत क्रमांक फळ्यावर लिहून ठेवा, संहितेत घुसवू नका.