चेकोस्लोव्हाकियाचं शेवटचं ऑलिंपिक: खेळाडूंना माहीत होतं का?

सुमेधा:
बार्सिलोना ऑलिंपिक संपलं ९ ऑगस्ट १९९२ ला आणि १ जानेवारी १९९३ ला चेकोस्लोव्हाकियाचे दोन देश झाले. मधे पाच महिनेसुद्धा नाहीत. उद्घाटनाच्या संचलनात झेंड्यामागून चालताना हे शेवटचंच, हे त्यांना कळलं होतं का? की फाळणीचं नंतर ठरलं?

रानवारा:
कायदा नंतरचा, २५ नोव्हेंबरचा. कागदोपत्री ऑगस्टमध्ये देश एकच होता. जुन्या सोव्हिएत संघातले बहुतेक खेळाडू तेव्हा ऑलिंपिक ध्वजाखाली उतरले होते, यांच्याकडे निदान स्वतःचा झेंडा तरी होता.

भालेकरी:
रानवारा, कागद बरोबर आहे, पण जुलैच्या तारखा बघा. १७ जुलैला स्लोव्हाक संसदेने सार्वभौमत्व जाहीर केलं. २० जुलैला हावेल राष्ट्राध्यक्षपदावरून पायउतार झाले. २५ जुलैला उद्घाटन. खेळाडू बॅगा भरत होते तेव्हा राष्ट्राध्यक्षाची खुर्ची रिकामी होती. कुणाच्या मनात काय होतं ते मी कसं सांगू, पण पेपर तर तेही वाचत असतील.

मी कॉलेजात भाला टाकायचो, त्यामुळे माझ्यासाठी ते ऑलिंपिक म्हणजे यान झेलेझनी. १९८८ मध्ये सोलला फिनलंडच्या कोर्युसने शेवटच्या थ्रोवर त्याचं सोनं नेलं होतं, फरक १६ सेंटिमीटरचा. वीतभरही नाही! बार्सिलोनात त्याने पहिलाच थ्रो टाकला ८९.६६ मीटर. पहिल्या थ्रोला अंग मोकळं झालेलं नसतं, रनअप जुळत नाही. मी तर तो नुसता मोजला जावा म्हणून टाकायचो. त्याने तिथेच स्पर्धा संपवली. रौप्यपदकवाला रॅटी ८६.६० वर राहिला.

आणि राष्ट्रगीत. त्या देशाचं राष्ट्रगीतच दोन गाणी जोडून केलेलं. आधी चेकांचं 'माझं घर कुठे', संथ आणि हळवं. ते संपलं की स्लोव्हाकांचं 'टाट्रावर वीज चमकते', एकदम ठेक्यात. त्या दोन गाण्यांमधला सांधा ऐकला की मला अजून भरून येतं. फाळणीत मालमत्ता दोनास एक या प्रमाणात वाटली, त्यासाठी किती हिशेब करावे लागले असतील. गाणं मात्र अलगद त्या सांध्यावर सुटलं आणि ज्याचं त्याच्याकडे गेलं. झेंड्याचं तसं झालं नाही. संघराज्याची चिन्हं कुणीच वापरायची नाहीत असा कायदा होता, तरी चेकांनी तोच झेंडा ठेवला. मला ते आजही पटत नाही.

सुमेधा:
दोन गाण्यांचं मला माहीतच नव्हतं. बार्सिलोनात सोनी किती?

भालेकरी:
चार, आणि चौघेही चेक. झेलेझनी, डेकॅथलॉनमध्ये झ्मेलिक, ट्रॅप नेमबाजीत हर्डलिच्का, आणि खळाळत्या पाण्यातल्या स्लॅलममध्ये एकट्याच्या कॅनूत लुकाश पोलर्ट. झ्मेलिकने तर ८६११ गुण करून खुद्द स्पेनच्या पेन्याल्व्हेरला मागे टाकलं.

रानवारा:
पोलर्टचं पुढचं सांगायलाच हवं. १९९६, अटलांटा, तोच प्रकार. या वेळी तो दुसरा आला. पहिला आला मिखाल मार्टिकान, १७ वर्षांचा स्लोव्हाक पोरगा. स्वतंत्र स्लोव्हाकियाचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

भालेकरी:
म्हणजे चार वर्षांपूर्वी पोलर्टसाठी जे राष्ट्रगीत होतं, त्याचा दुसरा अर्धा भाग या वेळी एकटाच, शेजारी उभ्या असलेल्या मुलासाठी. हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.