सावरडोमध्ये मक्याचं पीठ: कोरडं घालायचं की उकड काढून?

रानजाई (वूस्टर, मॅसॅच्युसेट्स)

आमच्याकडे दर शनिवारी सावरडोचा, म्हणजे घरच्या आंबवणाने फुगवलेल्या ब्रेडचा, एक लोफ होतो. पाणी पिठाच्या वजनाच्या ७५ टक्के, थोडी गव्हाची कणीक, बाकी ब्रेड फ्लोअर. त्यावर हात बसलाय, आता त्यात मका घालायचाय. ऱ्होड आयलंडहून जात्यावर दळलेलं पांढऱ्या फ्लिंट मक्याचं पीठ आणलंय, तिकडे जॉनीकेकला (तव्यावर भाजलेल्या मक्याच्या चपट्या केकला) वापरतात ते. पिशवी उघडली की इतका छान वास येतो की ते नुसतं लोफच्या बुडाला भुरभुरवून संपवायला जीव होत नाही.

५०० ग्रॅम पिठाला मका किती घेऊ? कोरडाच मिसळायचा की आधी शिजवायचा? पाणी किती वाढवू? घरच्यांना जाळीदार ब्रेड लागतो आणि मला मक्याची चव हवी आहे, दोन्ही एकत्र जमतं का? स्वयंपाकघरात सध्या जेमतेम १८ अंश असतात, तेही सांगून ठेवते.

खमीर

मी ५० ग्रॅम कोरडंच घालतो, पीठ भिजवतानाच. बारीक दळलेलं असेल तर वेगळं काही करावं लागत नाही. वरचं कवच मस्त कुरकुरीत होतं.

गिरणाकाठ (न्यू हॅम्पशायर)

रानजाई, उकड काढूनच घाल गं. खमीर म्हणतात ते बारीक पिठाला ठीक आहे, पण तुझं पीठ जात्यावरचं, भरड. ते कण कोरडे गेले तर आतून नीट भिजत नाहीत, खाताना दाताखाली कचकच लागते. शिवाय त्यांच्या धारेने ग्लुटेनचे, म्हणजे गव्हातल्या चिवट प्रथिनाचे, पापुद्रे फाटतात आणि जाळी बसते. मक्यात स्वतःचं ग्लुटेन नसतंच. त्यातलं झेइन हे प्रथिन आपल्या स्वयंपाकघरातल्या तापमानाला ताणलं जात नाही, त्यामुळे फाटलेलं सांधायला तेही कामाला येत नाही.

आमच्या सटाण्याकडे मका भरपूर. मक्याच्या भाकरीला आई परातीतल्या पिठावर आधणाचं पाणी ओतायची, उलथन्याने ढवळायची आणि हाताला सोसेल इतकं निवलं की मळायची. उकळत्या पाण्याने स्टार्च फुलतो, पाणी धरून ठेवतो, पिठाला चिकटपणा येतो आणि भाकरी थापताना तुटत नाही. ब्रेडमध्ये मी हेच करते, फक्त थोडं जास्त शिजवते.

७५ ग्रॅम मका, २२५ ग्रॅम पाणी. पाण्याला उकळी आली की एका हाताने पीठ सोडत दुसऱ्या हाताने ढवळत राहा. मग आच मंद कर. भरड पिठाला पंधरा-वीस मिनिटं लागतात. डाव उचलला की उकड लगेच ओघळायला नको, जड होऊन खाली पडायला हवी. चमचाभर लोणी घालून ताटात पसर आणि पूर्ण गार होऊ दे. गरम उकड पिठात गेली तर स्टार्टरमधलं (आंबवणातलं) यीस्ट मरतं.

मुख्य पिठाला ४०० ग्रॅम ब्रेड फ्लोअर, १०० ग्रॅम कणीक, ३०० ग्रॅम पाणी, १०० ग्रॅम स्टार्टर, ११ ग्रॅम मीठ. तुझ्या नेहमीच्या हिशोबाने पाणी कमी वाटेल, पण उकडीने आपलं पाणी सोबत आणलेलं असतं. पीठ घट्ट दिसलं तरी वाढवू नकोस.

आता महत्त्वाचं. उकड सुरुवातीला घालायची नाही. पीठ, पाणी, स्टार्टर, मीठ एकजीव करून घड्यांच्या (पीठ ताणून स्वतःवरच दुमडायचं) दोन फेऱ्या होऊ देत. पीठ ताणल्यावर पातळ पडदा धरायला लागलं की त्यावर उकड बोटांनी पसरायची आणि घडी घालत आत गुंडाळायची. पहिल्या घडीला सगळं फाटल्यासारखं दिसतं, हाताला लिबलिबीत लागतं. हात ओला करून अर्ध्या-अर्ध्या तासाने घड्या घालत राहा. तिसरीपर्यंत गोळा परत गुळगुळीत होतो, वरून मक्याचे ठिपके दिसतात. ग्लुटेन आधी तयार झालेलं असल्यामुळे जाळी चांगली पडते आणि मका दुपटीने चवीला येतो.

१८ अंशांत घड्याळाकडे बघू नकोस. पीठ निम्म्याने फुगलं, कडेला बुडबुडे दिसले, भांडं हलवल्यावर थरथरलं, की लोफ वळ आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेव. झाकणाच्या बिडाच्या भांड्यात २४० अंशांवर २५ मिनिटं, झाकण काढून २२५ वर आणखी तेवढीच. आतलं तापमान ९८ च्या आसपास आलंच पाहिजे, उकडीचा लोफ लवकर काढला तर आत गिचका राहतो. आणि निदान दोन तास तरी सुरी लावू नका.

मॅसॅच्युसेट्सात आहेस तर गोडसर प्रकारही कर. केप अ‍ॅनच्या रॉकपोर्ट-ग्लॉस्टरकडचा अ‍ॅनाडामा ब्रेड म्हणजे मक्याची शिजवलेली पेज, मोलॅसिस आणि गव्हाचं पीठ. मोलॅसिसऐवजी मी कोल्हापूरची काकवी घालते, ती सौम्य असते आणि मक्याची चव झाकत नाही. पोर्तुगालची ब्रोआसुद्धा मक्याचं पीठ उकळत्या पाण्याने भिजवूनच करतात, त्यात राय नाहीतर गहू मिसळतात. मक्याला गरम पाणी दाखवल्याशिवाय ब्रेडमध्ये घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

हडपसरकर

पुण्यात हे कसं करायचं? मैदा, ओटीजी आणि ३२ अंशांचं स्वयंपाकघर आहे. दुकानात मिळतं ते कॉर्नफ्लोअर चालेल?

गिरणाकाठ

ते पांढरंशुभ्र कॉर्नफ्लोअर नको, तो नुसता स्टार्च आहे. गिरणीतून मका रवाळ दळून आणा. मैद्यात प्रथिन कमी, म्हणून ५० ग्रॅम मका आणि १५० ग्रॅम पाण्याची उकड घ्या, मुख्य पिठात पाणी २७० पासून सुरू करा. आपली चक्कीची कणीक पाणी जास्त पिते, ती १०० ग्रॅमच्या वर नको. तुमच्याकडे चार-पाच तासांत पीठ तयार होईल, लक्ष ठेवा. ओटीजीत बिडाची कढई तापवून त्यात लोफ सोडा आणि वर स्टीलचं पातेलं उपडं घाला, वाफ आत राहते.

खमीर

उकड करून बघतो. माझ्याकडे मासा हरिनाही आहे, ते घातलं तर?

गिरणाकाठ

तो मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग दळलेला असतो, त्यामुळे पीठ नुसत्या पाण्यानेही चिकटतं. ब्रेड होईल, पण वास टॉर्टियाचा येईल. रानजाईच्या पिठाचा गोड वास त्याला नाही.

रानजाई

ताई, किती नीट सांगितलंत! शुक्रवारी रात्रीच उकड करून फ्रिजमध्ये ठेवली तर चालेल ना?

गिरणाकाठ

चालेल, झाकून ठेव म्हणजे वर साय धरणार नाही. शनिवारी उठल्याबरोबर बाहेर काढ. तुझ्याकडे आधीच १८ अंश, त्यात गार उकड गेली तर पीठ आणखी गारठेल आणि संध्याकाळपर्यंत हलणार नाही. घट्ट झाली असेल तर दोन चमचे कोमट पाणी घालून हाताने मोकळी कर, मगच पसर.