मदत हवी आहे: फॅन क्लबच्या तिकिटांची सोडत कशी काढली तर कुणाची तक्रार राहणार नाही?

सभासदांसाठी ८०० तिकिटं राखीव आहेत. अर्ज २०००, प्रत्येकी २ तिकिटांचे. एक्सेलमध्ये रँड (आपोआप कुठलाही आकडा पाडणारं सूत्र) वापरून क्रम लावतो. 'ठरलेल्यांनाच लागतात' अशी ओरड आहे, एक सभासद तर सलग पाचदा हुकला. काय बदलावं?

प्रतिसाद १
पाचदा हुकण्यात काळंबेरं काही नाही. २००० पैकी ४०० अर्ज लागणार, म्हणजे २० टक्के. सलग पाचदा न लागण्याची शक्यता ०.८ चा पाचवा घात, जवळपास ३३ टक्के. तिघांत एकाचं हेच होणार.

खरी गोम जोडीच्या अर्जात आहे. दोघी मैत्रिणी एकमेकींना सोबती दाखवून दोन अर्ज भरतात. एक लागला तरी दोघी आत, शक्यता २० वरून ३६ टक्के. म्हणून सोबत्याचाही सभासद क्रमांक अर्जातच घ्या. एक क्रमांक सगळ्या अर्जांत मिळून एकदाच; दुबार दिसला तर दोन्ही अर्ज बाद. तिकिटावर दोघांची नावं छापा आणि दारात ओळखपत्र बघा, नाहीतर नियम कागदावरच राहतो. जपानात १४ जून २०१९ला लागू झालेला तिकिटांच्या काळ्याबाजाराविरुद्धचा कायदाही विकताना नाव आणि संपर्क तपासलेल्या तिकिटांनाच लागू पडतो.

प्रतिसाद २
रँड प्रत्येक बदलानंतर नवे आकडे पाडतो. क्रम लावला की तेही बदलतात, त्यामुळे रकाना चढत्या क्रमात दिसतच नाही. कुणी स्क्रीनशॉट मागितला की फजिती! आकडे आधी 'व्हॅल्यूज' म्हणून पेस्ट करा, मग क्रम लावा.

तरीही मनासारखी यादी येईपर्यंत दहादा सोडत काढली नाही, हे कशावरून? अर्ज बंद होताच अनुक्रमांकांची यादी गोठवा आणि तिचा एसएचए-२५६ हॅश (यादीचा डिजिटल ठसा; यादीत एक अक्षर बदललं तरी तो बदलतो) सर्वांना पाठवा. सोबत क्रम लावणारा प्रोग्रॅमही द्या. त्याचं बीज (ज्या आकड्यावरून तो सगळा क्रम ठरवतो) म्हणून पुढच्या तारखेला जाहीर होणारा, तुमच्या हातात नसलेला कुठला आकडा घेणार तेही आत्ताच सांगा. मग ज्याला शंका असेल तो घरी बसून तीच सोडत काढून बघेल.

धागाकर्ता
जुन्या सभासदांना झुकतं माप द्यावं का?

प्रतिसाद १
जुनेपणाला नको, हुकण्याला द्या. हुकलेल्या प्रत्येक सोडतीमागे एक जादा चिठ्ठी, फार तर तीन. एक निघाली की त्या अर्जाच्या उरलेल्या बाद. मात्र यायचं नसलेलेही चिठ्ठ्या साठवायला अर्ज टाकतात. लागूनही पैसे न भरणाऱ्याचा साठा शून्य करा.

सभासदत्व कार्यक्रमाच्या घोषणेआधीचंच हवं. नाहीतर घोषणेनंतर एकाच माणसाची सात खाती निघतात आणि त्याची शक्यता ७९ टक्क्यांवर जाते.

प्रतिसाद २
आणि पैसे न भरलेली तिकिटं त्याच सोडतीतल्या पुढच्या क्रमांकाला द्या. त्यासाठी नवी सोडत काढलीत की ओरड पुन्हा सुरू.