मदत हवी आहे: मेफ्लायचे निम्फ कुठल्याच कीमध्ये (लक्षणांवरून ओळख पटवायच्या तक्त्यात) बसत नाहीत, नुसत्या निम्फवरून नवी प्रजाती म्हणता येते का?

नमस्कार मंडळी,

गेले दहा महिने एकाच प्रश्नात अडकले आहे. जाणकारांना विचारल्याशिवाय आता पुढचं काही करायचं नाही असं ठरवलं, म्हणून हा धागा.

ओढ्याच्या पाण्याची प्रत त्यातल्या किड्यांवरून ठरवण्यासाठी मी नमुने गोळा करते. प्रवाहात जाळी धरायची, तिच्या पुढचे दगड हलवायचे आणि वाहून येईल ते ट्रेमध्ये ओतायचं. मेफ्लाय या कीटकाचे निम्फ, म्हणजे पाण्यात राहणारी, पंख न फुटलेली पिल्लं, त्यात हमखास असतात. पोटाच्या कडेला कल्ले, बहुतेकांना तीन शेपट्या आणि प्रत्येक पायाला एकच नखी. स्टोनफ्लायच्या पायाला दोन नख्या असतात, त्यामुळे ती दोघं लगेच वेगळी करता येतात. माझ्या कामाला कुळापर्यंतची ओळख पुरते. पण एका ओढ्यातले बेटिडी कुळातले निम्फ मायक्रोस्कोपखाली दर वेळी खटकायचे, म्हणून शेवटी त्यांचे तोंडाचे भाग सुटे करून स्लाइडवर लावले.

जीनसबद्दल (प्रजातीच्या वरच्या गटाबद्दल) माझी खात्री आहे. अँटेनाच्या पहिल्या पेराला टोकाशी बाहेरच्या अंगाला उंचवटा आहे, खालच्या ओठाच्या पाल्पच्या (तोंडाजवळच्या पेरेदार जोडाच्या) दुसऱ्या पेराला आतून अंगठ्यासारखा फुगवटा आहे आणि मॅक्सिलाच्या (मागच्या जबड्याच्या) पाल्पच्या टोकाशी खाच आहे. तिन्ही एकत्र दिसल्यावर लेबिओबेटिस सोडून दुसरं नाव सुचत नाही.

घोडं अडलंय ते त्याच्या पुढे. माझ्याकडे २३ निम्फ आहेत. कल्ले सहा जोड्या, पोटाच्या दुसऱ्या खंडापासून सातव्यापर्यंत. मागच्या पंखांच्या कळ्या नाहीत. वरच्या ओठावर कडेलगत जी केसांची कमान असते, तिच्यातले केस टोकाला रुंद, चपटे आहेत. मला मिळालेल्या कीजमध्ये अशा केसांच्या प्रजाती आहेत आणि सहा जोड्या कल्ल्यांच्याही आहेत, पण पाल्पचा असा आकार आणि मांडीच्या काठावरच्या काट्यांची अशी रांग त्यासोबत कुठेच जुळत नाही. नखीवरचे दात मोजले तर कुठे ८ भरतात, कुठे १३. ते ८ पाहिले तेव्हा आधी वाटलं, आपल्याकडे दोन प्रजाती मिसळल्या आहेत. मग लांबी मोजून नमुने ओळीने लावले, तर सगळ्यात कमी दात सगळ्यात लहान निम्फना. म्हणजे हा वयाचा फरक. पण मग माझी बाकीची किती लक्षणं अशीच वयाची असतील?

रंगावर मी विसंबत नाही. जिवंत असताना पाठीवर फिकट ठिपक्यांची सुरेख जोडी दिसायची, अल्कोहोलमध्ये ती जवळजवळ गेली. फोटो काढून ठेवले आहेत.

आता मूळ प्रश्न. कितीतरी मेफ्लायचं वर्णन फक्त पंख फुटलेल्या प्रौढांवरून झालेलं आहे. त्यांचे निम्फ कोणी पाहिलेले नाहीत, किंवा पाहिले तरी कोणाचे ते ठाऊक नाही. मग माझा निम्फ कीमध्ये बसत नाही, याचा अर्थ तो नवा आहे, की जुन्याच एखाद्या प्रजातीचं बालपण पहिल्यांदा माझ्या ट्रेमध्ये आलंय? एकाच जिवाला दुसरं नाव देऊन पुढच्या अभ्यासकांच्या वाटेत गाठ मारून ठेवायची मला अजिबात इच्छा नाही. नुसत्या निम्फवरून वर्णन करतात का? नियमात बसतं का? आणि हा संशय फेडायचा कसा?

कृपया सविस्तर सांगा. चुकत असेल तिथे बिनधास्त कान धरा.

प्रतिसाद

ताई, आधी नियमाचं सांगतो. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेला निम्फ चालतो. होलोटाइप, म्हणजे प्रजातीचं नाव ज्याला बांधलेलं असतं तो एकच नमुना, जीवनचक्राच्या कुठल्याही अवस्थेतला असू शकतो. लेबिओबेटिसमध्ये तर अलीकडच्या बऱ्याच प्रजाती निम्फवरूनच आल्या आहेत. अट अशी की होलोटाइप स्पष्टपणे नेमायचा, तो कुठल्या संग्रहात ठेवला किंवा ठेवणार आहात ते लिहायचं आणि प्रजाती नवी असल्याचं स्पष्ट म्हणायचं. लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर झूबँकमध्ये (प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) नोंदणी हवीच. मनात एखादं नाव ठरलं असेल तर ते इथे किंवा कुठल्याही अहवालात लिहू नका. वर्णनाशिवाय बाहेर आलेलं नाव वैध ठरत नाही, नुसता घोळ मात्र वाढवतं.

तुमचा खरा प्रश्न त्याहून अवघड आहे, आणि तो तुम्हाला पडला याचा मला फार आनंद झाला. नुसतं निम्फचं वर्णन हातात घेऊन प्रौढाशी तुलना करता येत नाही. पण पूर्ण वाढलेला नर निम्फ हा दोन अवस्थांमधला पूल असतो. बेटिडीत नराच्या डोळ्यांचा वरचा भाग घुमटासारखा वाढतो आणि शेवटच्या अवस्थांत तो निम्फच्या कातेखाली दिसू लागतो. ज्याच्या पंखांच्या कळ्या काळ्या झाल्या आहेत असा नर निवडा आणि पोटाच्या नवव्या खंडाची खालची बाजू पाहा. पुढच्या अवस्थेचे पकडअवयव (मादीला धरायचे चिमटे) तिथे कातेखाली घडी घालून बसलेले असतात. ते अलगद काढून त्यांचा आकार आणि घडी दोन्ही रेखाटा. तुमच्याकडे मागच्या पंखांच्या कळ्या नाहीत, म्हणजे प्रौढालाही मागचे पंख नसणार. एवढ्यावर प्रौढावरून वर्णन झालेल्या कितीतरी प्रजाती बाद होतील.

कल्ल्यांबाबत मात्र घाई नको. कोवळ्या निम्फना कल्ले नसतातच, ते पुढच्या काती टाकताना फुटत जातात. शिवाय मोठ्या निम्फचे कल्ले चिमट्याने धरताना गळतात. पहिल्या खंडावर कल्ला नाही म्हणता, तर तिथे तो गळाल्याची खूण तरी आहे का, हे पूर्ण वाढलेल्या निदान चार-पाच निम्फमध्ये दोन्ही बाजूंनी तपासा. माझ्या हातून हीच चूक झाली होती. एक अख्खं टिपण फाडून टाकावं लागलं.

मूळ प्रश्नकर्ती

मनापासून आभार! काळ्या कळ्यांचे चारच निम्फ आहेत, त्यातले दोन नर. पहिल्या खंडावर खूण कुठेच दिसली नाही, आज आठ निम्फ पुन्हा पाहिले.

आता डीएनएबद्दल. पहिल्या खेपेचे नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवले आणि ते बदललंही नाही, हे चुकलंच. दुसऱ्या खेपेचे नऊ ९६ टक्क्यांत आहेत. त्यातला एखादा बारकोडसाठी (ओळखीसाठी डीएनएचा ठराविक तुकडा वाचण्यासाठी) दिला तर तो वाया जातो का? इतके थोडे असताना हात धजत नाही.

प्रतिसाद

वाया जात नाही. निम्फ कुटायचा नाही. पोटाला बाजूने बारीक चीर देऊन तो प्रोटिनेज-के (प्रथिनं विरघळवणारं विकर) घातलेल्या द्रावात रात्रभर ठेवायचा. मऊ भाग विरघळतो, डीएनए द्रावात उतरतो आणि सकाळी स्वच्छ, पारदर्शक कवच हाती येतं. ते सुटं करून युपराल (नमुना स्लाइडवर कायमचा बसवणारा द्राव) लावून स्लाइडवर चढवा. मऊ भाग काढायचं पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं काम वाचतं, आणि ज्या निम्फचा बारकोड त्याच निम्फची चित्रं असं पक्कं नातं तयार होतं.

पण बारकोडलाही अंतिम निकाल मानू नका. सीओआय जनुकाच्या ६५८ अक्षरांच्या तुकड्याला डेटाबेसमध्ये जोडी मिळाली नाही, याचा अर्थ एवढाच की ती प्रजाती अजून कोणी तिथे टाकलेली नाही. उलट बाजूही आहे. बेटिस रोडानी हे एका मेफ्लायचं १८४३ सालचं नाव, आणि २००६ मध्ये डीएनए पाहिल्यावर त्या एका नावाखाली अनेक वेगळे वंश निघाले. म्हणून एकाच निम्फवर थांबू नका, निदान तीन-चार द्या, आणि त्यात वेगवेगळ्या लांबीचे असू द्या. तुमचा ८ ते १३ दातांचा प्रश्नही त्यातच सुटेल.

सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे निम्फ वाढवून प्रौढ मिळवणं. काळ्या कळ्यांचा निम्फ त्याच ओढ्याच्या पाण्यात, हवा खेळती ठेवून, वर जाळी लावून ठेवा. बहुधा एक-दोन दिवसांत तो बाहेर पडतो. आधी सबइमॅगो होईल, म्हणजे प्रौढाच्या आधीची धुरकट पंखांची अवस्था. तिथे समाधान मानून त्याला अल्कोहोलमध्ये टाकू नका. तो पुन्हा एकदा कात टाकतो. पंख फुटल्यावर कात टाकणारे कीटक फक्त हेच. निम्फची कात, सबइमॅगोची कात आणि प्रौढ, तिघं एकाच कुपीत एकाच क्रमांकाखाली ठेवा.

मूळ प्रश्नकर्ती

हे वाचून बरंच मोकळं वाटलं. पुढच्या आठवड्यात ओढ्यावर जाते आहे, तेव्हा थंड पेटी, झाकणाला जाळी लावलेले डबे आणि हवा सोडणारा छोटा पंप सोबत असेल. मारण्यासाठी नाही, जिवंत आणण्यासाठी. काळ्या कळ्यांचे दोन नर आहेत, त्यातल्या एकाचा नववा खंड आज उघडून पाहिला. घडी दिसते आहे, पण चित्र काढण्याइतकी अजून उलगडता येत नाही. ती ग्लिसरीनमध्ये ठेवून सोडवू, की युपरालमध्ये जाण्याआधी अल्कोहोलमध्येच? दुसरा नर तोवर तसाच राखून ठेवते.