कुस्तीचा इमोजी 🤼 तुम्ही कधी टाकता? अनुभव लिहा

पाडवा झाला की आमच्या गावच्या यात्रेच्या ग्रुपवर 🤼 यायला लागतात, म्हणजे मैदान ठरलं, जोड्या कोणाच्या लागल्या विचारा. पण ऑफिसच्या ग्रुपवर दोघांची वादावादी झाली की हाच टाकतात आणि मला ते मनापासून खटकतं. मातीत उतरल्यावर आधी हातसलामी होते हो, मग डाव. भांडणात कुठे असते सलामी? तुमच्याकडे काय अर्थानं चालतो, सविस्तर लिहा.

– घरात जुळी पोरं आहेत, चार वर्षांची. संध्याकाळी मी नवऱ्याला एवढा एकच इमोजी पाठवते. लवकर या.

– आम्ही कराडचे, गोळेश्वर हाकेच्या अंतरावर. 15 जानेवारीला खाशाबा जाधवांची जयंती असते, त्या दिवशी आमच्या भावकीच्या ग्रुपवर सकाळपासून हाच. 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं त्यांनी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. आमचे आजोबा मोबाईलला हात लावत नाहीत, पण त्या दिवशी नातवाकडून टाकून घेतातच.

– मी आठ वर्षं तालमीत होतो, गुडघा गेला म्हणून सुटलं. हा इमोजी 2016 ला आला तेव्हा इतका आनंद झाला, पण नीट बघितलं तर पैलवान मॅटवरचे, अंगात सिंगलेट, लंगोट नाही का माती नाही. ताक, लिंबू, हळद, तेल घालून मळलेली लाल माती ज्यानं अंगाला लावली त्याला ते चित्र अर्धंच वाटणार ना. म्हणून आम्ही जुनी तालमीतली पोरं शेजारी ढोलाचा इमोजी लावतो, ती आमची हलगी. कोल्हापूरच्या खासबागेला मैदान असलं की फक्त हे दोन आणि वेळ, बाकी काही लिहायला लागत नाही.

– माझी मुलगी कुस्ती खेळते. साक्षी मलिकनं रिओत ब्राँझ घेतलं ते बघून हट्ट धरला तिनं. स्पर्धेला गेली की मोबाईल वस्तादांकडे असतो, कुस्ती झाल्यावरच मिळतो, मग तिचा मेसेज येतो, दोन बायकांचा कुस्तीवाला इमोजी आणि पुढे अंगठा, वर नाहीतर खाली. एकदा नुसता इमोजी आला, अंगठाच नाही. फोन केला तर उचलला वस्तादांनी, म्हणाले, ताई, खांदा निखळलाय, पण कुस्ती सोडली नाही तिनं. मी तशीच घरच्या साडीवर एसटी स्टँड गाठलं.