दणकट, जड हाताचा की घणाघाती?
(सोलापूरकरांची चर्चा; बोलणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा शहरातला भाग दिला आहे.)

जुळे सोलापूर
मुलांच्या बॉक्सिंगच्या वर्गात भिंतीवर लावायला एक तक्ता मराठीत करतोय. विषय, जगातले ‘हार्ड पंचर’, म्हणजे जबर ठोसा मारणारे बॉक्सर. तसंच ठेवलं तर वाचताना टायर आठवतो, म्हणून मी ‘दणकट ठोसेबाज’ केलं. शिकवणारे सर म्हणाले, दणकट म्हणजे मार खाऊन उभा राहणारा, मारणारा नव्हे. मी तर लहानपणापासून दणका देतो तो दणकट असंच समजत आलोय. कोण बरोबर?

लष्कर
सर बरोबर. दणकट खाट, दणकट बांधा. मोडत नाही ते दणकट. १९७७ साली न्यूयॉर्कला अर्नी शेव्हर्सचे ठोसे खात मुहम्मद अली पंधरा फेऱ्या उभा राहिला आणि गुणांवर जिंकला. त्या रात्री दणकट अली, जोराचा शेव्हर्स. तुमच्या शब्दाने तक्त्यावर नेमका उलटा माणूस येईल.

अक्कलकोट नाका
आमच्या तालमीत वस्ताद म्हणायचे, “ह्याचा हात जड आहे.” मानेवर पडला की कळायचं. ‘जड हाताचा’ लिहा. जॉर्ज फोरमनला तर दुसरा शब्दच नको. जानेवारी १९७३, किंग्स्टन, जो फ्रेझियर दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली. फोरमनचा ठोसा ढकलल्यासारखा दिसायचा, वेग डोळ्यांत भरायचा नाही. १९९४ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, पाय मंदावलेले असताना त्याने मायकेल मूररला दहाव्या फेरीत झोपवला. वेग जातो, हाताचं वजन जात नाही.

पूर्वभागातली
दादा, जड म्हटलं की संथही आलं. टायसनला जड हाताचा म्हणाल? १९८८ ला मायकेल स्पिंक्स ९१ सेकंदांत संपला. ठोसा येताना दिसला नाही तर मान घट्ट करता येत नाही, डोकं झटक्यात फिरतं आणि शुद्ध जाते. नुसत्या जोराचं हे काम नाही. ठोसा वर्मी बसावा लागतो. आणि ‘ठोसा’ तरी का? आमच्या घरी तेलुगूत ‘गुद्दु’ म्हणतात. मराठी गुद्दा तिथूनच आला असणार.

होटगी रोड
मराठीत ‘घणाघाती’ असताना ही शोधाशोध कशासाठी? ‘घणाघाती मुष्टियोद्धा’. शब्दातच घण आहे. ठोसे, गुद्दे ही भांडणातली भाषा झाली, खेळाला तिची प्रतिष्ठा मिळत नाही.

लष्कर
काका, घणाघाती आता भाषणांना आणि फलंदाजीला लागतं. पोरांना त्यातला घण दिसत नाही. आणि मुष्टियोद्धा आमच्या वर्गात कुणी बोलत नाही, ‘बॉक्सर’च म्हणतात.

होटगी रोड
बोलत नाहीत म्हणून शिकवायचंच नाही? शब्द वापरला की रुळतो.

जुळे सोलापूर
शब्द ठरेपर्यंत नावं तरी निवडू द्या. नॉकआउटच्या टक्केवारीने, म्हणजे शंभरातल्या किती लढती समोरच्याला पाडून संपवल्या त्यावरून, क्रम लावू का?

लष्कर
टक्केवारीने अजिबात नको, ही मनापासून विनंती. डिऑन्टे वाइल्डरचे पहिले ३२ विजय सगळे नॉकआउट. २०१५ मध्ये विश्वविजेतेपदासाठी बर्मेन स्टिव्हर्न समोर आला, तेव्हा लढत पूर्ण बारा फेऱ्या चालली. वाइल्डरचा उजवा हात खोटा नव्हता, आकडा फुगलेला होता. आधी कोणाला पाडलं ते बघा. आणि ज्याला पाडलं तो एरवी पडायचा का, हेही बघा. शेव्हर्सने १९७९ मध्ये लॅरी होम्सला सातव्या फेरीत आडवा केला. होम्स उठला, अकराव्या फेरीत जिंकलाही. निकालात शेव्हर्सची हार दिसते, पण होम्ससारख्याला तसा झोपवणाऱ्याचं नाव मी पहिल्या ओळीत घेईन.
वजनगटही वेगळे ठेवा. जपानचा नाओया इनोउए हलक्या गटातला, २०१८ मध्ये त्याने पायानोला ७० सेकंदांत संपवलं. हेवीवेटच्या, म्हणजे सगळ्यात जड गटाच्या, रांगेत उभा केला तर त्याच्यावर अन्याय होतो. आपल्या वर्गातली बरीच पोरं अंगाने बारीक आहेत, त्यांना हे नाव दिसायलाच हवं.

अक्कलकोट नाका
इनोउए हवाच. पण ताई, गुद्दु आमच्या कन्नडमध्येही आहे. मग तो तेलुगूतूनच आला कशावरून?

पूर्वभागातली
दोन्हीकडे आहे म्हणजे आणखी जुना असेल. पण सोलापुरात तो आमच्या तेलुगू विणकरांच्या तोंडून पसरला असं माझं मत आहे.

होटगी रोड
गुद्दा सोलापूरपुरता नाही, पुण्यातही पाठीत गुद्दाच घालतात. तुमच्या मताने पुण्याचा हिशेब कसा लावायचा?

अक्कलकोट नाका
पाठीत गुद्दा, कबूल. पण तोंडावर गुद्दा कोणी म्हणत नाही. तोंडावर ठोसा किंवा बुक्की.

पूर्वभागातली
आमच्याकडे तोंडावरही गुद्दाच. बुक्की कांदा फोडायला.