प्रति: बदल २०१२ च्या आधीच सुरू झाला होता

२०१२ च्या अखेरीस शी जिनपिंग चीनच्या सत्तेवर आल्यावर दक्षिण चीन समुद्रातलं चीनचं धोरण पालटलं, असं म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. जवळजवळ सगळ्या समुद्रावर दावा सांगणारा नऊ रेघांचा नकाशा चीनने संयुक्त राष्ट्रांकडे मे २००९ मध्येच दिला होता. स्कारबरो शोल हा प्रवाळ खडकांचा उथळ भागही फिलिपिन्सच्या हातून चीनकडे गेला तो २०१२ च्या मध्यावर, शी कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस होण्याआधी.

नंतर बदलली ती साधनं. चीनने ड्रेजरने (गाळ उपसणाऱ्या जहाजांनी) वाळू-प्रवाळ उपसून खडकांवर भर टाकली, त्यातल्या फायरी क्रॉसवर सुमारे ३००० मीटरची धावपट्टी झाली. अशी भर टाकल्याने सागरी कायद्यात नवा प्रादेशिक समुद्र, म्हणजे किनाऱ्यालगतचा हक्काचा पट्टा, मिळत नाही. पण गस्ती जहाजांना हाकेच्या अंतरावर तळ मिळाला, आणि तोच हेतू होता.

खरी मेख चीनच्या तटरक्षक दलात आहे. २०१८ मध्ये ते सैन्य चालवणाऱ्या केंद्रीय लष्करी आयोगाच्या हाताखाली गेलं. जहाजं मात्र पांढरीच राहिली, म्हणजे दिसायला नौदलाची नाहीत. सेकंड थॉमस शोल या दुसऱ्या उथळ भागावर फिलिपिन्सने १९९९ पासून सिएरा माद्रे हे आपलं जुनं जहाज रुतवून ठेवलंय; त्याच्याकडे रसद नेणाऱ्या लाकडी बोटींवर ही चिनी जहाजं पाण्याचा मारा करायची. मार्च २०२४ मध्ये बोटीची काच फुटून खलाशी जखमी झाले. तरी १९५१ च्या अमेरिका-फिलिपिन्स संरक्षण करारातल्या ‘सशस्त्र हल्ला’ या व्याख्येत हे बसवणं अवघड. मनिलाची, म्हणजे फिलिपिन्स सरकारची, कोंडी होते ती नेमकी इथे, आणि हा तिच्यावर उघड अन्याय आहे.